राजा, राणी आणि मधली जाळी

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या देशात ‘लिटल फ्लॉवर’ या नावाच्या शाळा ठिकठिकाणी आहेत. फाटकावरची ती पाटी आपण येता-जाता वाचतो आणि आपल्याला वाटते, लहान मुलांची शाळा, म्हणून ‘छोटे फूल’ असे गोड नाव दिले असेल. वस्तुतः हे एका मुलीचे नाव आहे. फ्रान्समधील लिझ्यो या गावच्या मठात वयाच्या पंधराव्या वर्षी शिरलेली आणि चोविसाव्या वर्षी तिथेच क्षयाने वारलेली जोगीण तेरेज मार्तँ हिला जग या नावाने ओळखते. आणि हे नाव ज्या फुलाची आठवण देते, ते फूल तिला तिच्या वडिलांनी दिले होते, घर सोडण्याची परवानगी देताना.

तेरेजचे संतपण हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. त्याविषयी अधिकारी माणसांनी भरपूर लिहून ठेवले आहे. मठात गेलेली मुलगी आणि बाहेर राहिलेला बाप यांच्या नात्याचे पुढे काय झाले, एवढेच येथे पाहायचे आहे. संन्यास म्हटला की सर्व पाश तोडून निघालेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. संन्यास घेणारा आपले श्राद्ध आपणच करून घराबाहेर पडतो, असे आपण ऐकलेले असते. तेरेजनेही घर सोडले, नाव बदलले, पुन्हा कधी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले नाही. मग वडिलांशी असलेला तिचा पाश तुटला काय?

घड्याळजी आणि त्याची राणी

लुई मार्तँ यांचा जन्म 1823 सालचा. धंद्याने ते घड्याळजी. तरुणपणी त्यांना स्वतःलाच मठात जायचे होते. आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्डच्या मठाचे दार त्यांनी 1845 साली ठोठावले. पण लॅटिन येत नाही म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे त्यांनी आलांसाँ या गावी घड्याळांचे दुकान थाटले आणि 1858 साली झेली गेरँ हिच्याशी लग्न केले. झेली लेस विणण्यात निष्णात होती. आलांसाँची लेस फ्रान्सभर नावाजलेली, आणि झेलीचा धंदा इतका वाढला की पुढे लुईंनी आपले दुकान विकले व तिच्या कामाचा व्याप सांभाळू लागले. नवऱ्याने बायकोच्या धंद्यासाठी आपला धंदा सोडावा, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात घडलेली आहे, हे लक्षात घ्यावे.

या दांपत्याला नऊ अपत्ये झाली. त्यांतील चार बालपणीच गेली. मारी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि तेरेज या पाच मुली जगल्या. तेरेज शेंडेफळ. तिचा जन्म 2 जानेवारी 1873 चा. ती साडेचार वर्षांची असताना, 28 ऑगस्ट 1877 रोजी, झेली स्तनाच्या कर्करोगाने वारली. पाच मुली पदरात घेऊन लुई लिझ्यो येथे राहावयास गेले, कारण झेलीचा भाऊ इझिदोर गेरँ याचे औषधांचे दुकान तेथे होते, आणि मुलींना मामा-मामींचा आधार झाला असता.

तेरेजला वडील ‘माझी राणी’ म्हणत. कधी कौतुकाच्या भरात ‘फ्रान्स आणि नाव्हारची राणी’ असा सबंध किताबच बहाल करीत. ती त्यांना ‘माझा राजा’ म्हणे. दुपारी बापलेकींचे फिरणे होई. वाटेत एखाद्या देवळात डोकावणे होई. लुईंना मासेमारीचा नाद असल्यामुळे नदीकाठी ती जवळच्या गवतावर बसून राही. वडिलांना प्रार्थना करताना पाहिले की संत प्रार्थना कशी करतात हे कळे, अशा अर्थाचे तिने पुढे लिहून ठेवले आहे.

फुलाची गोष्ट

मोठ्या बहिणी एकेक करून मठात जाऊ लागल्या. आईच्या पाठीमागे जिने तेरेजला आईची माया दिली ती पोलीन 1882 साली लिझ्योच्याच कार्मेल मठात गेली. 1886 साली मारीही तेथेच गेली. आता तेरेजनेही मनाशी ठरवले.

1887 चा मे महिना उजाडला आणि 1 तारखेला लुईंना अर्धांगाचा झटका आला. त्यातून ते सावरले. त्यानंतर चारच आठवड्यांनी, 29 मे रोजी, पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी, संध्याकाळी बागेत बसलेल्या वडिलांजवळ तेरेज गेली. तिचे डोळे भरून आले होते. तिने आपला मनोदय सांगितला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. वडिलांनी तिचे डोके छातीशी धरले, आणि आपला गहिवर दिसू नये म्हणून उठून तिला घेऊन सावकाश फेऱ्या घालू लागले. तू अजून लहान आहेस, एवढी एकच हरकत त्यांनी घेतली. ती समजावत राहिली आणि त्यांनी होकार दिला. मग बागेच्या एका बुटक्या भिंतीवर उगवलेले इवलेसे पांढरे फूल त्यांनी उपटून तिच्या हातात दिले आणि देवाने ते किती काळजीने जपले, हे सांगितले. तेरेजने पाहिले तो फूल मुळांसकट निघाले होते. दुसऱ्या, अधिक सुपीक मातीत रुजण्यासाठीच जणू ते आले आहे, असे तिला वाटले. ते तिने आपल्या जवळच्या भक्तिपर पुस्तकात ठेवून दिले. पुढे आपल्या आयुष्याची कहाणी लिहिताना तिने स्वतःला ‘छोटे पांढरे फूल’ म्हटले. शाळांच्या पाट्यांवर पोहोचलेले नाव ते हेच.

वडिलांचा होकार मिळाला तरी बाकीचे दरवाजे बंदच होते. मामांनी आधी नाही म्हटले. मठावर देखरेख करणाऱ्या धर्मगुरूंनी एकवीस वर्षांची झाल्याशिवाय घेणार नाही असे सांगितले. तेव्हा वडील स्वतः तिला घेऊन 31 ऑक्टोबरला बायेच्या बिशपकडे गेले. मोठी दिसावी म्हणून त्या दिवशी तिने प्रथमच केस वर बांधले होते. मुलीला घरी ठेवण्यासाठी बाप धडपडेल अशी बिशपांची अपेक्षा. येथे तर मुलीइतकाच बापही अधीर! पुढे रोमच्या यात्रेत 20 नोव्हेंबरला तेरेजने बोलण्याची बंदी मोडून खुद्द तेरावे पोप लिओ यांच्या पायाशी आपली मागणी घातली, आणि पहारेकऱ्यांना तिला उचलून बाजूला न्यावे लागले. अखेर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी परवानगीची बातमी आली.

9 एप्रिल 1888, सोमवार. मठाच्या दाराशी सगळी मंडळी जमली. तेरेज वडिलांच्या पुढे आशीर्वादासाठी गुडघे टेकून बसली, तर चौसष्ट वर्षांचे वडीलही तिच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि रडत रडत त्यांनी तिला आशीर्वाद दिला. मग दार उघडले, ती आत गेली, दार बंद झाले.

जाळीच्या दोन बाजू

कार्मेल मठ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. पॅलेस्टाइनमधील कार्मेल पर्वतावर मध्ययुगात राहिलेल्या तपस्व्यांपासून या पंथाची परंपरा सुरू झाली. स्पेनमधील आव्हिलाच्या तेरेसाने 1562 सालापासून त्यात मोठी सुधारणा घडवून आणली. ज्या जोगिणी शाळा किंवा दवाखाने चालवतात, त्यांच्यातल्या या नव्हेत. या जोगिणी मठाबाहेर पडत नाहीत. प्रार्थना, मौन आणि हातचे काम यांत त्यांचा दिवस जातो. मांसाहार वर्ज्य, वर्षातील कित्येक महिने उपवास, आणि नॉर्मंडीच्या थंडीत शेकोटीची एकच खोली.

घरच्यांना भेटता येई, पण भेटीच्या खोलीत, मधल्या जाळीतून. वेळ मोजकी. पत्रे लिहिता येत, पण ती मठप्रमुखांच्या नजरेखालून जात. तेरेजचे घर त्याच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर होते. तरी त्या घराचे दार तिने पुन्हा पाहिले नाही. मात्र लुई जाळीपाशी येत राहिले. नदीवर धरलेले मासे ते मठात पोचते करीत. आणि आतून राणीची पत्रे राजाला जात. सासरी दिलेल्या मुलीला बाप पहिली काही वर्षे काहीबाही पाठवत राहतो, तसेच हे.

आमच्या वसतिगृहातही भेटीची एक खोली आहे. माझे वडील महिन्याकाठी एखाद्या रविवारी एस.टी.ने येतात. पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा किंवा आईने दिलेले तिखट काढून बाकावर ठेवतात, ‘पैसे आहेत ना?’ म्हणून विचारतात, आणि परतीची गाडी चुकेल म्हणून उठतात. अभ्यासाचे ते काही विचारत नाहीत, कारण त्यातले काय विचारायचे ते त्यांना ठाऊक नसते. तेथे जाळी नाही, तरी मधे काहीतरी असतेच. म्हणून मासे पोचते करणारे लुई मला परके वाटले नाहीत. मुलगी जेथे गेली तेथले आपल्याला काही कळत नसले, तरी तिच्या पोटात काय जाते याची काळजी बापाला करता येते.

राजाचे मन हरवले

तेरेजला मठात जाऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते, तोच 23 जून 1888 रोजी लुई कोणालाही न सांगता घरातून नाहीसे झाले. चार दिवसांनी ल आव्र या बंदरात सेलीन आणि मामांना ते सापडले. एकान्तात जाऊन राहावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होत जाण्याचा तो विकार होता. मधे बरे वाटे, पुन्हा झटका येई, स्मरण जाई, भास होत.

या दुखण्यामुळे तेरेजचा वस्त्रग्रहणाचा विधी पुढे ढकलावा लागला. तो अखेर 10 जानेवारी 1889 रोजी झाला. त्या दिवशी उमेदवार मुलगी नववधूच्या वेषात मठाबाहेरच्या देवळात येते आणि विधी आटोपून कायमची आत जाते. वडिलांनी तिच्यासाठी पांढऱ्या मखमलीचा पोशाख करविला होता, त्यावर आलांसाँची लेस होती. लेस आईच्या गावची, पोशाख वडिलांनी दिलेला. त्या दिवशी लुईंची प्रकृती चांगली होती. मुलीला हाताशी धरून ते देवळात चालत गेले. बर्फ पडावा अशी तिची इच्छा होती. हवा उबदार असूनही विधीनंतर तिने पाहिले तो मठाचे अंगण पांढरे झाले होते. वडिलांचा हा शेवटचा सण, असे तिने पुढे लिहिले.

बरोबर एक महिना आणि दोन दिवसांनी, 12 फेब्रुवारी 1889 रोजी, लुईंना काँ या शहरातील बाँ सोव्हर इस्पितळात न्यावे लागले. लढाई पेटली आहे, आपल्या मुलींना वाचवले पाहिजे, असा भास होऊन त्यांनी पिस्तूल हाती घेतले होते. त्या काळच्या भाषेत ते वेड्यांचे इस्पितळ. तेथे ते तीन वर्षांहून अधिक काळ राहिले.

लिझ्यो गावाला बोलायला विषय मिळाला. आधीच एकेक मुलगी मठात गेलेली. त्यात लाडकी राणीही गेली, म्हणून म्हाताऱ्याला वेड लागले, असे लोक म्हणू लागले. हे बोलणे मठाच्या भिंतीआड पोचत होते. सोळा वर्षांच्या मुलीने ते ऐकून काय करावे? ती बाहेर जाऊ शकत नव्हती. वडिलांच्या उशाशी बसू शकत नव्हती.

आजच्या वैद्यकाच्या ज्ञानाने आपण सांगू शकतो की रक्तवाहिन्यांचा विकार मुलगी मठात गेल्यामुळे होत नाही; पहिला झटका तर तिने परवानगी मागण्याच्या आधीच आला होता. पण गावाला कारण हवे असते, आणि मुलगी घराबाहेर पडलेली असली की कारण शोधायला लांब जावे लागत नाही. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या पावसाळ्यात वडील आजारी पडले, तेव्हा ‘पोरीच्या शिक्षणाचा घोर लागला’ असे निदान पारावर झालेही होते! वडिलांना झाला होता हिवताप.

झाकलेला चेहरा

तेरेजने काय केले, ते आता पाहू. जे तिच्या हातात होते ते दोनच प्रकारचे: प्रार्थना आणि विचार.

वस्त्रग्रहणाच्या सुमारास तिने आपल्या मठातल्या नावाला जोड दिली: ‘बाल येशूची आणि पवित्र मुखमंडलाची तेरेज’. पवित्र मुखमंडल म्हणजे क्रूसाकडे जाताना रक्ताने माखलेला, थुंकीने विटंबलेला, ओळखू न येणारा येशूचा चेहरा. त्या काळी फ्रान्समध्ये या चेहऱ्याची भक्ती रूढ होती. ती तेरेजने काढलेली नव्हे. पण वडिलांच्या दुखण्याने तिला त्या भक्तीचा स्वतःचा अर्थ मिळाला. जुन्या करारातील यशया संदेष्ट्याने अपमानित, लोकांनी तोंड फिरवलेल्या सेवकाचे वर्णन केले आहे; ते वाचताना तिला येशूही दिसे आणि काँच्या इस्पितळातील बापही दिसे.

याला आणखी एक जुनी आठवण जोडलेली होती. सहा-सात वर्षांची असताना एके दुपारी खिडकीतून तिला बागेत वडिलांसारखाच एक मनुष्य दिसला होता. अंगकाठी तीच, पोशाख तोच. पण पाठ वाकलेली आणि डोके कसल्याशा कापडाने झाकलेले. तिने ‘बाबा!’ म्हणून हाक मारली. वडील तर त्या वेळी आलांसाँला गेलेले. घरच्यांनी बाग धुंडाळली, कोणी सापडले नाही. पुढे दुखण्यात लुई आपले डोके रुमालाने झाकून घेऊ लागले, तेव्हा बहिणींना तो प्रसंग आठवला. आपण याला पूर्वसूचना म्हणू, किंवा आई गेलेल्या मुलीच्या मनातली भीती म्हणू. तेरेजने मात्र त्यातून एक आधार काढला: हे दुःख अचानक कोसळलेले नाही, देवाला ते आधीच ठाऊक होते.

8 सप्टेंबर 1890 रोजी तिने कायमची व्रते घेतली. वडील नव्हते. 24 सप्टेंबरला काळे शिरोवस्त्र घेण्याचा उघडा विधी होता. निदान त्या दिवशी वडिलांना जाळीपाशी आणावे, अशी सेलीनची खटपट चालली होती. पण ते धोक्याचे आहे असे म्हणून मामांनी आदल्या दिवशी नकार दिला. तो दिवस तेरेजने अश्रूंत घालवला. देवाला सर्वस्व दिलेली जोगीण आपल्या सोहळ्याला वडील नाहीत म्हणून रडते, हे पाहून मठातील काहींना नवल वाटले असेल. तिने ते लपवले नाही.

त्याच सुमारास मामेबहिणीचे लग्न होते आणि तिची लग्नपत्रिका मठात आली. तेरेजने गंमत म्हणून तशीच पत्रिका स्वतःच्या ‘लग्नाची’ तयार केली: वर येशू आणि वधू तेरेज. वराकडच्या मोठेपणाचे वर्णन झाल्यावर वधूपिता म्हणून लुई मार्तँ यांचे नाव आले. नावापुढे किताब हवा. त्या काळच्या प्रतिष्ठित पत्रिकांत जहागिरींची नावे असत. तेरेजने वडिलांना दोन जहागिरी दिल्या: एक दुःखाची आणि दुसरी मानहानीची. गाव ज्या गोष्टीबद्दल दबल्या आवाजात बोलत होते, तीच तिने ठळक अक्षरांत, मानाच्या जागी लिहिली. मला वाटते, या मुलीचे धैर्य समजून घ्यायला ही पत्रिका पुरेशी आहे. लहानपणी ज्याने तिला राज्ये वाटली, त्याला तिने परत काहीतरी दिले.

सेलीन

येथे एका व्यक्तीविषयी लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. तेरेज मठात राहू शकली, कारण सेलीन बाहेर राहिली.

सेलीन तेरेजहून साडेतीन-चार वर्षांनी मोठी. तिला चित्रकला उत्तम येत होती. तिला मागणीही आली होती. मठात जाण्याची ओढ तिलाही होती, आणि ती तिने 1888 च्या उन्हाळ्यात वडिलांना सांगितलीही होती. पण वडिलांचे दुखणे वाढले आणि ती थांबली. लुईंना इस्पितळात नेल्यावर पहिले काही महिने ती आणि लेओनी काँ येथेच जवळपास राहिल्या. पुढे मामांकडे राहून त्या वडिलांना भेटायला जात. 10 मे 1892 रोजी लुईंना परत आणले, तेव्हा त्यांचे पाय गेलेले होते. त्यांना उचलून खुर्चीत बसवावे लागे. तेथून पुढची दोन वर्षे सेलीनने त्यांचे सगळे केले.

तेरेजच्या या काळातील कितीतरी पत्रे सेलीनला लिहिलेली आहेत. वडिलांना लिहून उपयोग नव्हता. ते सेलीनला लिहून, सेलीनच्या हातून, तिने वडिलांपर्यंत पोचायचे होते. तेरेजचे नाव जगभर झाले. सेलीनने बदललेल्या चादरींची नोंद कोण ठेवणार? माझा थोरला भाऊ दहावीनंतर शेतावर राहिला, म्हणून मी येथे बसून हे लिहू शकते. ज्या घरातून एक जण बाहेर पडतो, त्या घरात दुसरा कोणी तरी थांबलेला असतो. तेरेजला हे पुरते ठाऊक होते, असे तिची पत्रे वाचताना दिसते. सेलीनच्या वाट्याला आलेले दुःख ती कधीही आपल्यापेक्षा हलके मानत नाही.

अखेरची भेट

इस्पितळातून परतल्यावर दोन दिवसांनी, 12 मे 1892 रोजी, लुईंना मठात आणले. चार वर्षांपूर्वी जे जाळीपाशी मासे घेऊन येत, ते आता दुसऱ्यांच्या आधाराने आले. जाळीपलीकडे तीन मुली: मारी, पोलीन, तेरेज. ते फारसे बोलू शकले नाहीत. निघताना मुलींनी निरोप घेतला तेव्हा त्यांनी बोट वर केले, डोळ्यांत पाणी आणले आणि एवढेच कसेबसे म्हटले की आता स्वर्गात भेटू. यानंतर तेरेजने त्यांना पाहिले नाही. 29 जुलै 1894 रोजी, मामांच्या एव्ह्रोजवळील ला म्यूस या वाड्यात ते वारले. वय सत्तर. जवळ सेलीन होती.

आणि मग सेलीन मोकळी झाली. पण एकाच घरातल्या चार बहिणी एका मठात घ्यायला मठातील एका जोगिणीचा विरोध होता. तेरेजने देवाजवळ एक खूण मागितली: वडील थेट स्वर्गात गेले असतील, तर या बाईंचा विरोध मावळू दे. त्यानंतर लगेच त्याच बाई तिला भेटल्या आणि डोळ्यांत पाणी आणून सेलीनविषयी बोलू लागल्या. 14 सप्टेंबर 1894 रोजी सेलीन मठात आली. वडिलांची खुशाली तेरेजला सेलीनच्या येण्यातून कळावी, यात मला मोठे औचित्य वाटते.

वडील गेल्यानंतर पाचेक महिन्यांनी, 1895 च्या आरंभी, तेव्हा मठप्रमुख झालेल्या पोलीनच्या सांगण्यावरून तेरेजने बालपणीच्या आठवणी लिहायला घेतल्या. म्हणजे लुई मार्तँ यांच्याविषयी आपण जे वाचतो, त्यातले पुष्कळसे नुकतेच वडील गेलेल्या मुलीने लिहिलेले आहे. त्यांच्या दुखण्याची तीन वर्षे आपल्या आयुष्यातली सर्वांत मोलाची होती, ती कशाच्याही बदल्यात देणार नाही, असेही तिने त्यात म्हटले. 30 सप्टेंबर 1897 रोजी ती वारली. वर्षभराने तिच्या वह्यांचे पुस्तक निघाले, पहिली आवृत्ती दोन हजार प्रतींची. पाहता पाहता ते जगभर गेले. 1925 साली तिला संत म्हणून घोषित करण्यात आले. आणि 18 ऑक्टोबर 2015 रोजी लुई आणि झेली यांनाही, नवराबायको म्हणून एकत्र, तोच मान मिळाला. असा एकत्र मान मिळालेले हे पहिलेच दांपत्य.

तेरेजच्या शिकवणीला ‘छोटी वाट’ म्हणतात. मोठमोठी तपे आपल्याला जमत नाहीत, तर लहान मूल जसे बापावर विसंबते तसे देवावर विसंबावे, असा त्याचा सारांश. पुष्कळांना ती फार गोड, जवळजवळ बाळबोध वाटते. पण ती ज्या मुलीने सांगितली तिने आपल्या बापाला दुबळा होताना, भ्रमात हरवताना, लोकांच्या कुजबुजीचा विषय होताना पाहिले होते, आणि तेही जाळीआडून, हात बांधलेल्या अवस्थेत. एवढे पाहूनही तिला विश्वासासाठी बाप हाच शब्द सापडला.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे: पाश तुटला नाही. त्याचे वळण बदलले. मासे, पत्रे, पोशाख यांवर चाललेले नाते पुढे प्रार्थनेवर आणि सेलीनच्या हातांवर चालले, आणि शेवटी आठवणीवर. आणि हे शक्य झाले ते एका गोष्टीमुळे, असे मला वाटते. त्या संध्याकाळी बागेत लुईंनी तिला केवळ जाऊ दिले नाही. तिच्यासाठी बिशपकडे, रोमला, दारापर्यंत ते स्वतः चालत गेले. ज्या मुलीला बापाने असे पोचवलेले असते, तिच्यावर गाव कोणताही आळ घेवो, आपण बापाला टाकून आलो असे तिला कधी वाटत नाही. फूल मुळांसकट दिले होते.